हिलारिया सिर्पाची रांग

आमच्या डोंगरमाळावरच्या तोलापाताचा कारभार पावणेपाच वर्षं हाकणारी बाई पहिलीत तीनदा नापास झाली होती. तिला नापास करणारे मास्तर म्हणजे माझे वडील. मी त्याच बाकावर बसायचो, म्हणून हे छातीवर हात ठेवून सांगतो.

शाळा तेव्हाही कोल्पा नदीच्या खालच्या काठावर होती, आजही तिथेच आहे. हिलारिया वरच्या काठाची. आमच्याकडे शाळा उघडते फेब्रुवारीत, आणि फेब्रुवारीत कोल्पा अशी फुगलेली असते की मेंढ्या सोडा, ट्रकसुद्धा उलटा करून नेते. वरच्या काठाची पोरं एप्रिलात पाणी उतरलं की उगवायची. तोवर आमची अर्धी अक्षरं गिरवून झालेली असत. मग मे महिन्यात बटाटे काढायला आणि जूनच्या कडाक्याच्या थंडीत ते रात्री उघड्यावर गोठवायला तीच पोरं घरी लागायची. माझे वडील ओरुरो शहरातून बदलून आलेले, काटेकोर माणूस. वर्गात नाही म्हणजे गैरहजर. लाल शाईची एक फुली. फुल्या जास्त झाल्या की पुन्हा त्याच वर्गात. पहिल्या वर्षी हिलारिया माझ्या शेजारी बसली. दुसऱ्या वर्षी मी भिंतीपलीकडच्या वर्गात गेलो आणि ती तिथेच राहिली. तिसऱ्या वर्षी धाकट्या पोरांमध्ये ती सगळ्यांत उंच दिसायची, आणि चौथ्या वर्षी दिसलीच नाही.

यात कुणालाही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

एकविसाव्या वर्षी ती माझ्या दारात आली. वडील वारले होते, त्यांची खुर्ची मला मिळाली होती, आणि नवा मास्तर म्हणून मी फार ताठ चालायचो. तिच्या पाठीवर गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचं गाठोडं होतं आणि हातात टकळी. ती टकळी कधी थांबत नसे. चालताना, भांडताना, चर्चमध्ये प्रार्थनेला उभी असतानासुद्धा लोकर ओढणं चालूच.

"मास्तर, मला सही शिकवा."

"सहीच कशाला? सगळंच शीक की. अक्षरं, आकडे."

"आधी सही. अंगठा लावला की शाई बोटाला राहते आणि पांढरी लोकर डागाळते."

सही ती एका दिवसात शिकली. बाकी सगळं एका हिवाळ्यात. हिवाळ्याच्या शेवटी फळ्यावरची माझी एक चूक तिने मला दाखवली. ती मी अजून मान्य केलेली नाही.

पुढे तिचं सेनॉन लिमाचीशी लग्न झालं. सेनॉन भला माणूस, पण दिवसाला दहा शब्द बोलला तर फार. मी तोवर वरच्या काठाच्या हुस्ताशी लग्न करून नदीपलीकडे राहायला गेलो होतो, पावसाळ्यात शाळेच्याच खोलीत मुक्काम टाकायचो. हिलारियाच्या थोरल्या मुलीचं, निएव्हेसचं जावळ मी कापलं. जावळ कापणारा माणूस आमच्यात घरचाच होऊन जातो. तेव्हापासून ती माझी कोमाद्रे आणि मी तिचा कोंपाद्रे, आणि एकेकाळी एका बाकावर बसलेले आम्ही दोघं एकमेकांना अहो-जाहो करू लागलो.

आता कारभाराचं सांगतो. आमच्याकडे पद मागून मिळत नाही आणि नको म्हणून सुटत नाही. घरामागून घर मान फिरत येतो, आणि तो एकट्यादुकट्याला मिळत नाही. नवरा-बायकोला मिळून मिळतो. दोघं मिळून एक. हिलारिया आणि सेनॉनने एक वर्ष शाळेच्या जेवणाचं पातेलं सांभाळलं, एक वर्ष पाटाच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या, एक वर्ष जत्रेला सगळ्या माळाला जेवू घातलं आणि स्वतःच्या लामांच्या कळपातले दोनच उरवले. पाण्याच्या वर्षी वहीत नाव कुणाचं लिहू म्हणून मी विचारलं, तर सेनॉन म्हणाला, "जी बोलते तिचं." त्या दिवशीचे त्याचे शब्द तिथेच संपले.

सगळ्यांत वरचं पद प्रमुखाचं, पाच वर्षांचं. एकदा वरच्या काठाचा मान, एकदा खालच्या. प्रमुख एका काठाचा असला की उपप्रमुख दुसऱ्या काठाचा. ज्या वर्षी खालच्या काठाच्या अनास्तासिओ पोमा आणि त्यांची बायको तेओदोसिया यांना मान मिळाला, त्या वर्षी हिलारिया आणि सेनॉन उपप्रमुख झाले. नव्या प्रमुखाने जानेवारीत सगळी शीव पायी चालायची असते, हातात मानाची काठी घेऊन. अनास्तासिओंना आम्ही मानाने ताता म्हणायचो; त्यांचे गुडघे दुखायचे. त्यांनी लांबच्या डांबरी रस्त्याने ट्रकमधून शीव पाहिली. तिसऱ्या महिन्यात पुतणीच्या लग्नात नाचता नाचता ते खाली बसले आणि उठलेच नाहीत. ट्रकचा आणि नाचाचा काय संबंध, हे मी मास्तर असल्याने विचारलं. पण सगळ्यांच्या डोक्यात एकच होतं: शीव पायी चालले नाहीत, ते भोवलं.

आठवड्याने सभा भरली. शहरातून वकील आला होता. तो म्हणाला, कायद्याप्रमाणे प्रमुख गेला की उपप्रमुख त्याच्या जागी. सगळे हात वर झाले. मी वहीत लिहून घेतलं. तेओदोसिया कोपऱ्यात काळी शाल लपेटून बसली होती, मांडीवर मानाची काठी. काठी दे म्हटल्यावर ती म्हणाली, "मान संपला की काठी हातातून हातात जाते. संपला की देईन." दुःखाने बोलतेय बिचारी, असं म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला.

म्हणून हिलारियाने काठीशिवाय कारभार केला. दुसरे प्रमुख सभेत शांतता हवी तर काठी जमिनीवर आपटत. ही टकळी थांबवायची. इतकी वर्षं सतत फिरणारी ती टकळी थांबली की चारशे माणसं तिच्याकडे वळायची, आणि माळावर वाऱ्याशिवाय आवाज उरत नसे. हे मी बघितलं आहे आणि मला त्याचा हेवा वाटला आहे. माझ्या वर्गात तीस पोरं आणि एक घंटा असूनही मला ते कधी जमलं नाही.

तिला एकच गोष्ट हवी होती. कोल्पावर पूल. त्यासाठी ती राजधानीला अकरा वेळा गेली. जायला एक दिवस, यायला एक दिवस. मंजुरी देणारा साहेब प्रत्येक वेळी म्हणायचा, "उद्या या." ती त्याच्या दारासमोरच्या बाकावर दिवसभर सूत कातत बसायची आणि संध्याकाळी परत फिरायची. बाराव्या वेळी मी सोबत गेलो होतो. तिने पाठीवरचं गाठोडं सोडलं आणि साहेबाच्या टेबलावर, सगळ्या फाइलींच्या वर, एक अख्खं पांघरूण पसरलं. तपकिरी, कडेला लाल पट्टा.

"हे काय?" साहेब उठून उभा राहिला.

"तुमच्या बाहेरच्या बाकावर कातलेलं सूत आहे, साहेब. तुमच्या 'उद्या या'चं पांघरूण. थंडीत उपयोगी पडेल."

साहेबाने ते पांघरूण हाताने चाचपलं. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्याने सही केली. मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो. तिला म्हटलं, कोमाद्रे, तुम्हाला भीती नाही वाटत? ती म्हणाली, "वाटते की. म्हणून तर हाताला काम देते."

सात खांबांचा पूल. तिच्या काळात वरच्या काठाकडचे तीन उभे राहिले आणि पाच वर्षं संपत आली.

आता भांडण असं लागलं, की पुढचा मान कुणाचा. वरचे म्हणाले, खालच्यांची पाच वर्षं संपली, आता आमचा. खालचे म्हणाले, कसली पाच वर्षं? आमचा माणूस तीन महिने होता, बाकी सगळं तुमच्या हिलारियाने खाल्लं. पुन्हा वकील आला आणि म्हणाला, कागदावर मान पूर्ण झालेला आहे. तो कागद मीच लिहिला होता. शेवटी दोन्ही काठांनी आपापलं जोडपं उभं करायचं आणि रांगांनी निवडायचं, म्हणजे ज्यांच्या मागे लांब रांग त्यांचा मान, असं ठरलं. खालच्यांचा उमेदवार मेलितॉन लारुता, तीन ट्रकांचा मालक, अंगाने भरलेला, तोंडाने त्याहून. तो चौकात उभा राहून म्हणायचा, "पूल कशाला? रस्ता इकडं, दवाखाना इकडं, शाळा इकडं. वरच्यांना यायचंय तर पोहायला शिकावं!" पुलाचे पैसे वळवून त्याला फुटबॉलचं मैदान करायचं होतं, हिरव्या प्लास्टिकच्या गवताचं. आमच्या माळावर! लामांनी ते खाल्लं असतं आणि मेले असते.

रांगांच्या आठवडाभर आधी मी हिलारियाला त्या तीन खांबांपाशी गाठलं. ती खांबाला टेकून कातत होती.

"कोंपाद्रे, मला आणखी पाच वर्षं हवीत," ती म्हणाली. "चार खांब राहिलेत. मेलितॉन आला तर हे तीन इथं असेच उभे राहतील, कावळ्यांना बसायला."

"मागायची लाज नाही वाटत? आपल्यात कुणी मागत नाही."

"वाटते. तरी मागते."

म्हणून मी वरच्या काठावर घरोघर फिरलो. मान-बिन मला काही कळत नव्हतं. मला पूल कळत होता, आणि वरच्यांची डोकी जास्त आहेत एवढा आकडा कळत होता.

डिसेंबरचा पहिला रविवार. चर्चपुढच्या मैदानावर दोन्ही जोडपी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, हॅटा डोळ्यांवर ओढून. आपल्यामागे कोण आलं आणि कोण आलं नाही हे उमेदवाराने बघायचं नसतं, नाहीतर पाच वर्षं राग धरून बसेल. घंटा झाली आणि लोक चालू लागले. मोजणी माझ्याकडे. मी लाकडी पट्टीने प्रत्येकाच्या खांद्याला शिवत मोजतो, माझे वडीलही तसेच मोजायचे. खालची रांग विहिरीपर्यंत गेली, पाचशेच्या आत. वरच्यांची रांग विहीर ओलांडून गोलपोस्टच्याही पुढे गेली. मी वरच्यांची रांग पुढून मोजायला सुरुवात केली होती, आणि मनातल्या मनात मेलितॉनचं तोंड कसं उतरेल ते बघत होतो.

तेवढ्यात टकळी थांबली.

हॅट डोळ्यांवर असूनही ती कातत होती, आणि मला त्या आवाजाची इतकी सवय की तो थांबल्यावर मी आकडाच विसरलो. हिलारियाने हॅट वर केली आणि मागे वळून पाहिलं. असं आजवर कुणीही केलेलं नव्हतं.

"कोमाद्रे, तोंड फिरवा!" मी ओरडलो. "मोजणी चालू आहे!"

"तुम्ही मोजा. मला एकच बघायचंय. तेओदोसिया कुठल्या रांगेत आहे?"

तेओदोसिया दोन रांगांच्या मधोमध उघड्या जमिनीवर बसली होती, मांडीवर काठी. कुणीतरी म्हणालं, "कुठल्याच नाही." आणि कुणीतरी हसलं. हिलारिया तिच्यापुढे जाऊन खाली बसली.

"ताई, उभी का नाही राहिलीस?"

"माझा मान चालू आहे. मान चालू असलेल्या बाईनं दुसऱ्याच्या मागं कशाला उभं राहायचं?"

"म्हातारीचं डोकं फिरलंय," रांगेतून आवाज आला. हिलारियाने तिकडे बघितलंही नाही.

"ताता गेले त्या आठवड्यात तुला कुणी विचारलं होतं?"

"कोण विचारणार? वकील आला, मास्तरनं लिहिलं, हात वर झाले."

"आणि मी?"

"तू सूप आणलंस. चांगलं होतं, मटण होतं त्यात. विचारलं नाहीस."

हिलारियाची मान खाली गेली. मी पट्टी हातात धरून तसाच उभा होतो आणि माझ्या कानशिलात कुणी लगावावी तसं मला झालं. मान दोघांना मिळून मिळतो, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. प्रत्येक लग्नात आम्ही तेच भाषण ठोकतो. मग अनास्तासिओ गेले तेव्हा मान अर्धाच गेला होता. उरलेला अर्धा जिवंत होता, पावणेपाच वर्षं काठी मांडीवर घेऊन आमच्यासमोर बसला होता, आणि आम्ही त्याला दुःख म्हणत होतो. वकिलाला माफ करता येईल, तो शहरातला. आम्हाला काय झालं होतं?

"इतकी वर्षं मी तुझ्या जागेवर बसले, ताई," हिलारिया म्हणाली.

"बसलीस. चांगली बसलीस. पण जागा आमची होती."

"हो."

ती उठली. "सेनॉन, चल."

सेनॉनने हॅट वर केली. ती कुठे बघतेय ते त्याने पाहिलं, मग लांब नदीकडे पाहिलं. "चार खांब," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

मग ती दोघं चालत खालच्यांच्या रांगेच्या टोकाला गेली आणि विहिरीपाशी, एका पाव विकणाऱ्या पोरीच्या मागे उभी राहिली.

आमच्या रांगेत हलकल्लोळ झाला. कुणी शिव्या दिल्या, कुणी रडलं. सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझी बायको हुस्ता रांगेतून म्हणाली, "गप्प बसा, आणि ती पट्टी खाली करा, कुणाच्या डोळ्यात जाईल." एवढं बोलून ती निघाली, पण तिच्याही आधी निएव्हेस आईच्या मागे जाऊन उभी राहिली होती. मग शेजारीण. मग त्या शेजारणीचा सासरा, काठी टेकत. मग काही क्षण कुणीच नाही, आणि मग सगळी रांग एकदम हलली. आठशे माणसांच्या चपला त्या सुक्या मातीवर घासत गेल्या. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. कुणी कुणाला सांगत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. एक रांग संपत होती आणि दुसरी वाढत होती, गोलपोस्टपर्यंत, कब्रस्तानाच्या भिंतीपर्यंत, मग भिंतीच्या कडेकडेने वळून पुढे.

मी पहिल्यापासून मोजायला लागलो. तेराशे सहा. मी तेराशे सातवा झालो असतो, पण मी गेलो नाही. मैदानात रांगेबाहेर दोनच माणसं उरली होती: मांडीवर काठी घेतलेली तेओदोसिया आणि हातात पट्टी घेतलेला मी. तिच्याकडे कारण होतं. माझ्याकडे नुसता राग होता.

मेलितॉन अजून भिंतीकडे तोंड करून उभा. पाठीमागे एवढी पावलं घासलेली ऐकून त्याला वाटलं, आपलीच माणसं पळाली. त्याची बायको फोर्तुनाता नंतर सांगत होती, तो हॅटखाली पुटपुटत होता, "गेले, सगळे गेले." वळा म्हटल्यावर तो वळला, हॅट वर केली, आणि त्याला समोर सगळं तोलापाता एका रांगेत उभं दिसलं. आमच्या माळावर असं कधी झालेलं नाही, माझ्या वडिलांच्या वह्यांतही नाही. त्याने हॅट छातीशी धरली.

निवडून आलेल्याने रांगेतल्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा असतो. तो विहिरीपाशी हिलारियापर्यंत आला आणि थांबला.

"हे काय केलंस, ताई?"

"मान तुमचा होता."

"आता पूल मागशील."

"नाही."

"मग काय मागशील?"

"काही नाही. जानेवारीत शीव चालायला या म्हणजे झालं."

तेव्हा कुठे तेओदोसिया उठली. गुडघे झटकले, मेलितॉन आणि फोर्तुनाताच्या चारही हातांत काठी ठेवली आणि म्हणाली, "आता संपला आमचा." मग घरी गेली.

मी हिलारियाशी महिनाभर बोललो नाही. ती दारावरून जायची, "कोंपाद्रे, पाऊस येणार बरं का," म्हणायची, आणि मी कोंबड्यांकडे बघायचो.

जानेवारीत मेलितॉन शीव चालायला निघाला. ट्रकमधून जाण्याची त्याची छाती नव्हती, ताता अनास्तासिओंचं काय झालं ते त्यालाही ठाऊक होतं. चार दिवसांची चाल, काठी जमिनीला टेकवायची नाही. मी वही घेऊन सोबत. चौथ्या सकाळी आम्ही कोल्पाच्या उतारापाशी आलो. पाणी चहाच्या रंगाचं, आणि तळाशी दगड गडगडत होते. पलीकडून हिलारिया कमरेला दोर बांधून पाण्यातून आली, टकळी हॅटमध्ये खोचलेली, घरच्या अंगणातून यावी तशी. दोराचं दुसरं टोक पलीकडे सेनॉनच्या हातात होतं.

"एवढ्यातनं?" मेलितॉन म्हणाला.

"आज कमी आहे."

तिने त्याला दोर बांधला. मधोमध त्याचा पाय सुटला. पाणी त्याच्या छातीला लागलं, हॅट गेली, एक बूट गेला, पण काठी मात्र त्याने हात उंच करून सोडली नाही. फोर्तुनाता त्याच्यामागून येत होती आणि हसून हसून तीच बुडायच्या बेतात होती. पलीकडे तो एका दगडावर बसला. दात वाजत होते. मग त्याने विचारलं, "पोरं कशी येतात शाळेत?"

"येत नाहीत," हिलारिया म्हणाली.

"मग?"

"मग मास्तर फुली मारतात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नियम आहे," मी म्हणालो, आणि तो शब्द माझ्याच कानांना कसातरी लागला. वडिलांनंतर त्याच खुर्चीत बसून मी दर फेब्रुवारीत त्याच लाल फुल्या मारत आलो होतो. पुलासाठी घरोघर फिरणारा मीच, आणि फुल्या मारणाराही मीच.

मेलितॉनने उरलेला बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. तीन खांबांकडे बघितलं.

"किती राहिलेत?"

"चार."

"फोर्तुनाता," तो म्हणाला, "ते हिरवं गवत राहू दे."

घरी परतताना मी महिन्याभराने तोंड उघडलं. "कोमाद्रे, तुम्हाला ठाऊक होतं ना, याला पाण्यात उतरावं लागणार म्हणून?"

"होतं. पण शीव जुलैत कोरड्या नदीतून चालायची असती, तरी मी त्याच रांगेत गेले असते."

"आणि पूल?"

"नसता झाला. मी रडले असते. त्या दिवशी घरी जाऊन रडलेच की. यांना विचारा."

"खूप," सेनॉन म्हणाला.

मी साठीला आलेला माणूस आहे. राजधानीतली भाषणं ऐकली, मंत्री गाडीतून उतरताना पाहिले, त्यांच्या फोटोंना हार घातले. त्यांच्यातल्या एकापुढेही माझी हॅट आपोआप खाली आली नाही. त्या दिवशी त्या ओल्या लोकरीच्या वासाच्या बाईमागून चालताना ती कधी हातात आली ते मला कळलं नाही.

पूल दोन कोरड्या हंगामांत झाला. यंदाच्या फेब्रुवारीत शाळा उघडली तेव्हा कोल्पा खालून गर्जत होती आणि वरच्या काठाची एकोणीस पोरं वरून चालत आली. मी हजेरी घेतली. एकही फुली नाही. नोकरीचं माझं हे शेवटचं वर्ष.

शाळा सुटल्यावर हिलारिया आली. हजेरीचं पान तिने बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचलं, टकळी फिरत होती. मग म्हणाली, "जुनं आहे का? माझं?"

वडिलांच्या वह्या कपाटात होत्या. मी तिचं पान काढलं. सिर्पा, हिलारिया. ओळभर लाल फुल्या. मला वर बघवेना.

"कोमाद्रे, माझ्या वडिलांनी..."

"खरं तेच लिहिलंय. मी नव्हतेच." तिचं बोट फुल्यांपुढच्या रकान्यावर थांबलं. रकान्याच्या डोक्यावर छापलेलं होतं: कारण. खाली सगळं कोरं. "हे राहिलंय."

"त्यांनी विचारलं नसेल."

"मग तुम्ही विचारा."

मी खुर्चीवरून उठलो, आणि पुन्हा बसलो, कारण मास्तर बसूनच विचारतो. पेन उघडलं.

"हिलारिया सिर्पा, तू फेब्रुवारीत शाळेत का आली नाहीस?"

तिची टकळी थांबली. वर्गातली पोरं उभी राहतात तशी ती बाकापाशी सरळ उभी राहिली, हात खाली.

"नदी होती, मास्तर."

मी लिहून घेतलं.